गोफणीचा खडा आणि बाळूंचा चेंडू



हिंगोलीकडे ज्वारीचें कणीस दाण्यावर आलें, म्हणजे शेतांत माळा उभा राही आणि त्यावर गोफण घेऊन राखणदार. आमच्या लहानपणीं गोफण न येणारा मुलगा विरळाच. दोरीच्या मध्यें विणलेली जागा, तींत खडा. एक टोंक बोटांत अडकविलेलें, दुसरें चिमटींत धरलेलें. डोक्याभोंवतीं फिरवून चिमटींतलें टोंक सोडलें कीं खडा सुटे. नवशिका सगळा जोर दंडांत लावी आणि खडा भलतीकडे जाई. जाणता राखणदार पाय रोवी, कंबर वळवी, खांदा मागून येऊं देई, आणि त्याचें सारें लक्ष टोंक सोडण्याच्या क्षणावर असे. माझ्या खड्यानें एकदां शेजारच्या माळ्यावरील पाण्याचें मडकें फुटलें. त्याचा हिशोब माझ्या पाठीवर झाला, परंतु सोडण्याचा क्षण म्हणजे काय हें मला त्याच दिवशीं समजलें.

फेंकण्याची सर्व विद्या मुळांत एवढीच आहे. जोर पायापासून निघतो, कंबरेंतून व खांद्यांतून चढत हातांत येतो, आणि बोटें त्याला दिशा देतात. अमेरिकेच्या बेसबॉलमध्यें चेंडू टाकणाराला कोंपर वांकवून चाबकासारखें सरळ करण्याची मुभा आहे. खांद्यावरून फेंकण्यास तेथील मोठ्या संघांनीं १८८४ सालीं परवानगी दिली. त्या मोकळिकीची किंमतहि कोंपरालाच द्यावी लागते. १९७४ सालीं टॉमी जॉन नांवाच्या खेळाडूच्या कोंपराचा तुटलेला बंध शस्त्रक्रियेनें नवा बसवावा लागला, व पुढें ती शस्त्रक्रिया त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. क्रिकेटनें १८६४ सालीं हात खांद्याच्या वर नेऊं दिला, पण कोंपराचा चाबूक मात्र निषिद्ध ठरविला. त्यामुळें क्रिकेटच्या गोलंदाजाला कोंपराची उणीव पाय, कंबर, खांदा व बोटें यांनींच भरून काढावी लागते. ती आपल्या देशांत प्रथम पूर्णत्वानें कोणीं भरून काढली असें मला कोणी विचारलें, तर मी पळवणकर बाळूंचें नांव घेईन.

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें चर्मकार कुटुंबांत झाला. वडील लष्कराच्या चाकरींत होते. पुण्यांत पारशी मंडळींच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर बाळू कामाला लागले. पुढें गोऱ्या साहेबांच्या क्लबांत चार रुपये मिळूं लागले. खेळपट्टीवर रूळ फिरविणें, जाळें बांधणें आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकणें, हें त्यांचें काम. ग्रेग नांवाचे निष्णात फलंदाज इतरांच्या आधीं मैदानावर येत आणि बाळूंकडून चेंडू टाकवून घेत. बाद केल्यास दर वेळीं आठ आणे, असा त्यांचा करार होता असें सांगतात. आठ आण्यांची कथा खरी असो वा नसो, जाळ्यांतले ते तास खरे. ग्रेगला सराव मिळत होता. पण त्याच जाळ्यांत एका तरुणाचा डावा हात घडत होता, आणि त्याला शिकविणारा कोणी नव्हता. मास्तर म्हणून माझी आयुष्यभर समजूत होती कीं शिकविल्यावांचून कोणी शिकत नाहीं. बाळूंच्या चरित्रानें ती मोडली.

बाळू मंदगति डावखुरे गोलंदाज. अशा गोलंदाजानें उजवा खांदा फलंदाजाकडे करून यावयाचें, पुढला पाय टणक रोवावयाचा, त्यावर सर्व अंग वळवावयाचें, आणि शेवटल्या क्षणीं तर्जनीनें चेंडूला पीळ द्यावयाचा. मग तो हवेंत रेंगाळतो, टप्पा पडतांच उजव्या हातानें खेळणाराच्या बॅटीपासून दूर पळतो. वेग थोडा असल्यानें टप्पा वीतभर चुकला तरी शिक्षा होते. नेमका टप्पा हजारों वेळां टाकल्यावांचून हाताला येत नाहीं, आणि बाळूंना हजारों वेळां टाकणें भाग होतें. त्या क्लबांत त्यांनीं असंख्य चेंडू टाकले; फलंदाजीसाठीं बॅट मात्र त्यांच्या हातीं कोणीं दिली नाहीं.

पुण्याच्या हिंदु संघानें त्यांना घेतलें तें जिंकावयासाठीं. मैदानावर त्यांनीं हाताळलेला चेंडू सवर्ण सहकारी बिनदिक्कत झेलीत. चहाच्या वेळीं मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत चहा मिळे. एकाच हाताचा स्पर्श खेळांत चाले व चहाला चालत नसे, ही विसंगति पाहण्यास फार बुद्धि लागत नव्हती. पाहण्याची इच्छा नव्हती.

पुढें बाळू मुंबईच्या हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदूंनीं मुंबईंत युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला. युरोपियनांचा दुसरा डाव १०२ धावांत आटोपला व त्यांतील पांच बळी बाळूंचे होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ विलायतेस गेला. संघ बहुतेक सामने हरला, तरी त्या दौऱ्यांत पस्तिशीच्या बाळूंनीं शंभराहून अधिक बळी घेतले.

त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल १९२३ सालीं हिंदु संघाचे कर्णधार झाले. बाळूंचें वय तोंवर उलटलें होतें. तें पद अधिकृतपणें त्यांच्याकडे कधींच आलें नाहीं.