तरफ : एका शब्दाची आणि एका राज्याची कुळकथा

‘तरफ’ हा मूळचा अरबी शब्द. अर्थ कड किंवा बाजू. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत आला आणि बहमनी राज्यात प्रांताचे नाव झाला. हे राज्य तरफांच्या बळावर वाढले आणि तरफांच्याच सांध्यांवर उकलले.

१३४७ मध्ये अलाउद्दीन हसन बहमनशाहाने दौलताबादेस दिल्लीची सत्ता झुगारली आणि गुलबर्ग्यास राजधानी केली. त्याचा मुलगा पहिला मुहम्मदशाह (१३५८–१३७५) याने राज्याच्या चार तरफा पाडल्या : दौलताबाद, वऱ्हाड, बीदर आणि गुलबर्गा. प्रत्येक तरफेवर एक तरफदार असे. वसूल गोळा करणे, फौज बाळगणे आणि किल्ल्यांवर माणसे नेमणे ही त्याची कामे. राजधानीभोवतीची गुलबर्ग्याची तरफ खास विश्वासातल्या सरदाराला मिळे. सुलतान खंबीर असेतो ही घडी नीट चालली. पण राज्य पसरले तशा तरफाही फुगल्या. पैसा, फौज आणि किल्ले एकाच हाती आल्याने तरफदार जवळजवळ राजेच बनले.

पुढे राजधानी बनलेल्या बीदरच्या दरबारातील वजीर महमूद गावान याने हे दुखणे ओळखले. त्याने चारांच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडातून गाविलगड व माहूर, दौलताबादेतून दौलताबाद व जुन्नर, गुलबर्ग्यातून विजापूर व गुलबर्गा, तर पूर्वी बीदरच्या तरफेत मोडणाऱ्या तेलंगणातून राजमहेंद्री व वरंगळ अशा जोड्या निघाल्या. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीच्यांचे किल्लेदार सुलतानाने नेमायचे ठरले. अधिकार गेलेले सरदार दुखावले. त्यांनी गावानच्या शिक्क्याचे बनावट पत्र पुढे केले आणि तिसऱ्या मुहम्मदशाहाने १४८१ मध्ये त्याला ठार करवले. पुढच्याच वर्षी सुलतानही वारला.

गादीवर अल्पवयीन महमूदशाह आला आणि दख्खनी व परदेशी सरदारांची चुरस विकोपाला गेली. १४९० च्या सुमारास जुन्नरहून मलिक अहमदने निजामशाहीचा, तर विजापुरात यूसुफ आदिलखानाने आदिलशाहीचा पाया घातला. वऱ्हाडात इमादशाही, गोवळकोंड्यात कुतुबशाही आणि खुद्द बीदरमध्ये बरीदशाही उभी राहिली. अखेरचे बहमनी सुलतान बरीदांच्या हातातील बाहुले होते.

राज्य गेले तरी शब्द उरला, फक्त त्याचा आवाका आटला. शिवकाळात तरफ म्हणजे काही गावांचा गट, परगण्याहूनही लहान. आज जुन्नर तालुक्यातील ‘हिवरे तर्फे नारायणगाव’ यासारख्या नावांत हा जुना विभाग टिकून आहे. ‘शासनातर्फे’ या शब्दात मूळचा ‘बाजूने’ हा अर्थ आहे. ‘तरफदारी’ म्हणजे एखाद्याची बाजू घेणे. तिच्यात आता ना प्रांत उरला आहे, ना किल्ला.