पूर्वप्रकटन : पेटंटचा दावा कशामुळे कोसळतो

पेटंटच्या वादात प्रतिवादीचा पहिला बचाव बहुधा एकच असतो : वादी ज्याला आपला शोध म्हणतो, तो आधीच जाहीर झालेला होता. कायद्याच्या परिभाषेत यास पूर्वप्रकटन म्हणतात. १९७० च्या पेटंट कायद्यातील सहावे प्रकरण याच विषयास वाहिलेले आहे.

मोबाइल संच वा कॅमेऱ्यात वापरल्या जाणाऱ्या लवचीक सर्किट बोर्डाचे उदाहरण घेता येईल. पॉलिइमाइडच्या पातळ पटलावर तांब्याचा थर चढवून नको असलेला भाग रसायनाने काढून टाकला जातो. पटलाच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रक्रिया करणे, त्यावर धातूचा सूक्ष्म थर देणे आणि मग तांबे चढवणे, अशा तीन टप्प्यांचा दावा एखाद्या कारखानदाराने केला, तर हे तिन्ही टप्पे एकाच जुन्या दस्तऐवजात सापडावे लागतात. दोन टप्पे एका लेखात आणि तिसरा दुसऱ्यात असेल, तर ते पूर्वप्रकटन नव्हे. तेथे प्रश्न उरतो तो शोधाच्या कल्पकतेचा. शिवाय जुन्या मजकुरावरून जाणकारास ती कृती प्रत्यक्षात करता आली पाहिजे.

दावा जितका व्यापक, तितका तो सहज सापडतो. पटलाची जाडी १२ ते ५० मायक्रॉन असा दावा असेल आणि जुन्या दस्तऐवजात बाकी सर्व घटकांसह २५ मायक्रॉनचे एकच उदाहरण असेल, तरी तेवढे पुरते. सर्व काही पदरात पाडून घेण्याचा मोह अर्जदारांना नेहमीच महागात पडतो.

कलम ६४ नुसार, पूर्वीचा वापर भारतातील असावा लागतो. प्रकाशित मजकूर मात्र जगात कुठलाही चालतो. संशोधकाने स्वतःच वस्तू प्रदर्शनात मांडली तरी नावीन्य संपुष्टात येऊ शकते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती १२ महिन्यांची सवलत कलम ३१ मध्ये आहे.

याबाबतचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात दिला. वाद होता भांडी लेथवर घट्ट धरून घडविण्याच्या पद्धतीचा. ही युक्ती जुन्याच साधनांचा वापर असून तिच्यात नावीन्य वा कल्पकता नाही, असे ठरवून न्यायालयाने पेटंट रद्द केले. पेटंट मंजूर झाले म्हणजे ते वैध ठरले असे नव्हे, हे तत्त्वही या निकालात आले.

अमेरिकेत हळदीच्या पेटंटचेही असेच झाले. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये आव्हान दिले आणि १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय लेखासह ३२ संदर्भ सादर केले. १९९७ मध्ये दावे फेटाळण्यात आले. आजीचा बटवा पुरावा म्हणून पुरेसा ठरला नसता. छापील कागद ठरला.

न्यायालय कोणते, हा प्रश्नही गौण नाही. मयूर विहार दिल्लीत आहे, तर त्याला लागून असलेले नोएडा उत्तर प्रदेशात. त्यामुळे केवळ नोएडात उत्पादन व विक्री करणाऱ्यावरील दावा सामान्यतः तेथेच चालतो. माल दिल्लीत विकला गेल्यास दिल्लीतही दाद मागता येते. उल्लंघनाच्या दाव्यात प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला, की प्रकरण कलम १०४ नुसार उच्च न्यायालयाकडे जाते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी अशा प्रकरणांसाठी स्वतंत्र बौद्धिक संपदा विभाग स्थापन केला.