पन्नास सह्यांचे सभासदत्व

आजचा धागा एका निवडणुकीविषयी आहे. ती ना विधिमंडळाची होती ना नगरपालिकेची. ती होती पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या व्यवस्थापक मंडळाची, साल १८९५.

मात्र आरंभ पर्वतीवरून करावा लागतो. पेशव्यांनी उभारलेल्या पर्वती संस्थानाचा कारभार इंग्रजी अमलात पंचांकडे आला. या पंचांविषयी पुणेकरांच्या तक्रारी वाढत गेल्या. देवस्थान लोकांचे, पण पंच लोकांना उत्तरदायी नाहीत, हे त्या असंतोषाचे मूळ होते. या तक्रारीचा पाठपुरावा करायला लोकांच्या वतीने बोलू शकेल अशी संस्था हवी होती. त्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्यामागचे मुख्य बळ गणेश वासुदेव जोशी यांचे. सभेपायीच लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले.

सभेची घटना विलक्षण होती. सभासद व्हायचे तर वर्गणी पुरेशी नव्हती, किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या सुमारे ९५ सभासदांच्या पाठीशी सहा हजारांच्या आसपास लोकांचे मुखत्यारपत्र होते. सामान्य हिंदी माणसाला मताधिकार ठाऊक नव्हता, त्या काळातली ही गोष्ट! ‘तुम्हाला आमच्या वतीने बोलायला कोणी सांगितले?’ असा सरकारचा प्रश्न आलाच, तर त्याचे उत्तर सह्यांनिशी तयार होते. माझ्या मते पर्वतीच्या पंचांवरच्या आक्षेपाला दिलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होय. दुसऱ्याच्या मंडळाला लावलेली कसोटी त्यांनी स्वतःच्या मंडळालाही लावली.

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सभेला विचारांची बैठक मिळाली. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी, १८७६-७७ च्या दुष्काळातील गावोगावची माहिती, १८७८ पासूनचे त्रैमासिक ही सारी त्याच काळाची कमाई. रानडे सरकारी नोकर असल्याने सूत्रे पडद्याआडूनच हलवीत. संस्थेचे खरे वजन एका व्यक्तीच्या ठायी आणि कागदोपत्री अधिकार मंडळाकडे, अशी ही रचना होती. ती पंचवीस वर्षे टिकली, याचेच आश्चर्य वाटते.

आता १८९० कडे येऊ. त्या वर्षी गोपाळ कृष्ण गोखले सभेचे चिटणीस झाले. ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदही होते. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ सोसायटीलाच द्यावा, असा टिळकांचा आग्रह होता. सोसायटीतील मतभेदांची कारणे अनेक होती, आणि गोखल्यांनी हे बाहेरचे काम स्वीकारणे हे त्यांपैकी एक. वर्षअखेर टिळक सोसायटीतून बाहेर पडले. एकाच माणसाने दोन संस्थांच्या जबाबदाऱ्या घ्याव्यात काय, हा आजही प्रत्येक विश्वस्त मंडळात उठणारा प्रश्न तेव्हा इतका महाग पडला.

पाच वर्षांनी तेच दोन पक्ष सार्वजनिक सभेत समोरासमोर आले. जुलै १८९५ च्या वार्षिक निवडणुकीत टिळकांच्या पक्षाने व्यवस्थापक मंडळात बहुमत मिळवले. पाठ्यपुस्तकांतून याचे वर्णन बहुधा ‘सभा ताब्यात घेतली’ असे येते. मला हा शब्दप्रयोग अपुरा वाटतो. ज्या संस्थेचा पायाच लोकांच्या सह्यांवर घातला होता, तिच्यात मते मिळवणे हा काही दरोडा नव्हे. मंडळात नवी माणसे आणणे हे सतत करावयाचे काम आहे. टिळकपक्षाने ते केले, आणि रानडेपक्षाने आपल्या प्रतिष्ठेवर विसंबून ते होऊ दिले.

पण विजेत्यांच्या हाती नेमके काय आले? गोखले बाहेर पडले. १८९६ मध्ये रानडे आणि गोखले यांनी डेक्कन सभा स्थापन केली. इकडे दुष्काळ पडला होता. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी खेडोपाडी जाऊन, दुष्काळी कायद्यानुसार सारासूट मागण्याचा हक्क शेतकऱ्यांना समजावून देऊ लागले. काम धाडसाचे होते, आणि मूळ मुखत्यारपत्राला साजेसेही. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक प्रश्नांवर सरकारला निवेदने पाठवणारी संस्था म्हणून तिचे स्थान संपले.

त्याच वसंतात गोखले लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देत होते, जेमतेम वर्षाच्याही न झालेल्या डेक्कन सभेच्या वतीने. सरकारदरबारची पत रानडे-गोखल्यांबरोबर निघून गेली होती. गावांपर्यंत पोचणारी माणसे मात्र जुन्या सभेतच राहिली. पुण्याला दोन अर्ध्या संस्था मिळाल्या, आणि नुकसान कोणाचे अधिक झाले यावर अभ्यासक आजही वाद घालू शकतात.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तिथे पन्नास सह्या आणून कोणाला आत येता येत नसे. आधी शपथा, मग पाच वर्षांचे शिक्षण, आणि प्रमुखपदी ‘प्रथम सदस्य’ म्हणून स्वतः गोखले. या अरुंद दाराचा संबंध १८९५ च्या त्या निवडणुकीशी असावा, हे माझे अनुमान.