एप्पेलकाका : स्वीडनच्या घरोघरचा सफरचंदाचा केक

स्वीडनमध्ये ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सफरचंदांचा हंगाम असतो. या दिवसांत परसातील झाडांखाली फळांचा सडा पडतो. त्यांतील बरीच फळे ठेचाळलेली असल्यामुळे फार काळ टिकत नाहीत. ती वाया जाऊ नयेत या गरजेतून तेथील स्वयंपाकघरात जे पदार्थ रूढ झाले, त्यांपैकी एक म्हणजे ‘एप्पेलकाका’. स्वीडिश भाषेत ‘एप्पेल’ म्हणजे सफरचंद आणि ‘काका’ म्हणजे केक. मराठीतील नात्याशी या ‘काका’चा अर्थातच संबंध नाही.

एक नाव, दोन पदार्थ

या एकाच नावाने दोन निराळे पदार्थ ओळखले जातात. पहिला स्वीडनच्या दक्षिण टोकाकडील स्कोने प्रांताचा. त्यात मैदा नसतो, अंडे नसते आणि फुगवणारी पूडही नसते. शिळ्या पावाचा चुरा लोण्यात परतून तो शिजवलेल्या सफरचंदाबरोबर थरांनी रचतात आणि भाजतात. पाव बहुधा राय या धान्याचा असतो. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. ते गव्हाच्या कुळातील, थंड हवामानात येणारे धान्य आहे. शिळा पाव आणि गळलेली फळे या दोन टाकाऊ ठरू शकणाऱ्या वस्तूंचा हा मेळ काटकसरीच्या गृहव्यवस्थेची साक्ष देतो.

दुसरा प्रकार म्हणजे अंडी, लोणी, साखर आणि मैद्याचा मऊ केक. त्यावर सफरचंदाच्या फोडी खोचून दालचिनी व साखर भुरभुरतात. कामाच्या मधल्या सुटीत कॉफीबरोबर काही गोड खाण्याच्या स्वीडिश प्रथेला ‘फीका’ म्हणतात. आज फीकाच्या वेळी पुढे येतो तो बहुधा हा मऊ केक. स्कोनेचा केक जेवणानंतरचे गोड म्हणून वाढला जातो.

फळाची निवड

स्कोनेच्या पूर्व किनाऱ्यावरील ओस्टर्लेन हा भाग सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शीविक गावी दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस सफरचंदांचा बाजार भरतो आणि हजारो सफरचंदे रचून एक भव्य चित्र उभारले जाते. ‘ओकेरो’ ही अठराव्या शतकापासून ज्ञात असलेली जुनी जात, तर ‘आरोमा’ ही ‘इंग्रिड मारी’ आणि ‘फिलिप्पा’ या जातींच्या संकरातून स्वीडनमध्येच तयार झालेली.

केकसाठी फळ आंबटसर आणि घट्ट असावे. आंबटपणामुळे साखरेला उठाव येतो आणि घट्टपणामुळे फोडींचा आकार टिकतो. भारतात सहज मिळणारी काश्मीर व हिमाचलची लाल ‘डिलिशस’ सफरचंदे गोड आणि भुसभुशीत असतात. ती वापरायची झाल्यास साखर थोडी कमी करावी व फोडींना एक चमचा लिंबाचा रस चोळावा. त्यामुळे चवीला धार येते आणि फोडी काळ्याही पडत नाहीत. हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ मिळाल्यास अधिक उत्तम.

मऊ केक

स्वीडिश पाककृतींत मापे बहुधा डेसिलिटरमध्ये, म्हणजे १०० मिलिलिटरच्या मापात दिलेली असतात. सोयीसाठी येथे वजने दिली आहेत. २४ सेंटिमीटर व्यासाच्या साच्यासाठी २ अंडी, १७० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी, १०० मिलिलिटर दूध, १८० ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, १ छोटा चमचा जाडसर कुटलेला वेलदोडा, चिमूटभर मीठ आणि ३ मध्यम सफरचंदे घ्यावीत. वरून भुरभुरण्यासाठी २ मोठे चमचे साखर व १ छोटा चमचा दालचिनीची पूड वेगळी ठेवावी.

ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा. साच्याला आतून लोणी लावून त्यावर पावाचा बारीक चुरा फिरवावा. स्वीडिश घरांत यासाठी मैद्यापेक्षा चुराच वापरण्याची रीत आहे. त्याने केक सहज सुटतो आणि कडेला हलका कुरकुरीतपणा येतो. लोणी वितळवून कोमट होऊ द्यावे. अंडी व साखर फिकट आणि फुललेली दिसेपर्यंत फेटावीत, मग लोणी व दूध मिसळावे. मैदा, बेकिंग पावडर, वेलदोडा आणि मीठ एकत्र चाळून त्यात घालावे व कोरडे पीठ दिसेनासे होताच ढवळणे थांबवावे.

मिश्रण साच्यात ओतून सफरचंदाच्या सोललेल्या पातळ फोडी वर्तुळाकार उभ्या खोचाव्यात. वर दालचिनी-साखर भुरभुरून ओव्हनच्या खालच्या कप्प्यात ४० ते ४५ मिनिटे भाजावे. मधोमध खोचलेली काडी कोरडी निघाली की केक तयार झाला. मात्र काडी फळात न जाता केकच्या भागात जाईल याकडे लक्ष द्यावे.

स्कोनेचा केक

एक किलो सफरचंदे सोलून, चिरून, अगदी थोड्या पाण्यात मऊ शिजवावीत आणि चवीपुरती साखर घालावी. सुमारे २५० ग्रॅम सुक्या पावाचा चुरा १०० ग्रॅम लोण्यात मंद आचेवर खमंग परतून त्यात पाऊण वाटी साखर मिसळावी. लोणी लावलेल्या भांड्यात चुरा व सफरचंद यांचे आळीपाळीने थर द्यावेत. तळाशी आणि सर्वांत वर चुराच असावा. २०० अंशांवर सुमारे अर्धा तास भाजावे. रायचा पाव नसल्यास गोव्यातील घरांत उरलेली पोई वाळवून वापरता येईल. तिच्या कोंड्यामुळे चुऱ्याला पांढऱ्या पावापेक्षा अधिक खमंग चव येते.

सोबतीला थंड व्हॅनिला सॉस हवाच. ३०० मिलिलिटर दूध आणि १०० मिलिलिटर साय व्हॅनिलासह गरम करावी. ३ अंड्यांचे पिवळे बलक ३ मोठे चमचे साखरेबरोबर फेटून त्यात हे दूध हळूहळू ओतावे आणि मंद आचेवर सतत ढवळत दाटसर करावे. मिश्रण उकळू देऊ नये. उकळल्यास बलक फुटून गुठळ्या होतात.

बिघडते कोठे?

केकचा मध्यभाग ओलसर राहण्याचे कारण बहुधा फळ असते. सफरचंदात पाण्याचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक असते आणि भाजताना त्यातील बरेच बाहेर येते. जादा फोडी घालण्याचा मोह म्हणूनच टाळावा. वरची बाजू लवकर लाल होऊ लागल्यास साच्यावर अॅल्युमिनियमची पन्नी सैलसर झाकावी, पण भाजण्याचा वेळ कमी करू नये. केक घट्ट झाला तर मैदा घातल्यावर तो फार ढवळला गेला असे समजावे. अधिक ढवळल्याने गव्हातील ग्लुटेनचे जाळे चिवट बनते.

वेलदोड्याचे नाते

दालचिनीइतकेच महत्त्व स्वीडिश भट्टीत वेलदोड्याला आहे. त्याला तेथे ‘कार्देमुम्मा’ म्हणतात आणि गोड पावांपासून केकपर्यंत तो सढळ हाताने वापरतात. या मसाल्याचे मूळ घर म्हणजे पश्चिम घाटाची दक्षिणेकडील जंगले. विसाव्या शतकात ग्वाटेमालाने त्याच्या लागवडीत आघाडी घेतली, तरी उत्तर युरोपातील एका घरगुती केकचा सुगंध मूळचा सह्याद्रीच्या ओल्या सावलीतला आहे. तयार पूड लवकर निस्तेज होते. म्हणून दाणे ऐन वेळी कुटावेत.

मऊ केक कोमट असताना उत्तम लागतो आणि दुसऱ्या दिवशी फळाचा रस मुरल्यावर अधिक ओलसर होतो. किनारपट्टीच्या दमट हवेत मात्र तो एका दिवसापेक्षा अधिक बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये झाकून तो तीन दिवस टिकतो आणि खाण्यापूर्वी किंचित गरम केल्यास मूळचा मऊपणा परत येतो.