खांब विकायचे आहेत...

मागच्या शनिवारी सेनगावहून काकांचा फोन. "वाड्याचे खांब काढायचेत. तुमच्या पुण्याकडं कुणी फार्महाऊसवाला असला तर बघ. सागवान हाय, पैसा चांगला येईल."

आमचा वाडा म्हणजे काही शनिवारवाडा नव्हे! पुढे ढाळज, मधे चौक, वर माळवद, बस्स. पण जुन्या सागवानी खांबांना सध्या मागणी आहे. कोरीव खांब हॉलच्या कोपऱ्यात, वरून स्पॉटलाईट... झाला 'वाडा फील'.

हे वेड काही आपलंच नाही. इंग्लंडात १४८५ ते १६०३ ट्यूडर घराण्याचं राज्य होतं. तेव्हा ओकच्या जाड लाकडांचा सांगाडा उभारायचे आणि मधल्या जागा काड्या-मातीने भरायचे. बाहेरून दिसणारे लाकडी पट्टे म्हणजे घराची हाडंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी ही स्टाईल परत आली, १९२० च्या दशकात अमेरिकेतही जोरात चालली. आज तीही घरं 'ऐतिहासिक' म्हणून लोक हौसेने शोधतात. गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच घरांवरचे पट्टे नुसते वरून ठोकलेले आहेत. भार पेलते मागची भिंत. इंटरफेस जुना, बॅकएंड नवा :)

आपल्या वाड्यातला खांब मात्र कामाचा गडी. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, वर कड्या, आणि त्यावर माळवदाची जाड माती. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं, ते स्क्वेअर फुटात नाही, खणांत सांगायचे.

या सांगाड्याची किंमत कळली ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या, हजारो माणसं गेली. पण छपराचा भार भिंतीवर न टाकता लाकडी खांबांवर घेतलेल्या बऱ्याच घरांत भिंती पडूनही छप्पर वरच राहिलं. नंतर तज्ज्ञांनी दुरुस्त्याही सुचवल्या: माळवदावरची जादा माती काढा, खांब आणि तुळई तिरक्या लाकडांनी जखडा, भिंतीत आरपार जाणारे दगड घाला. म्हणजे अख्खं घर पाडायची गरज नव्हती.

आता म्हणाल, किल्लारी कुठे नि सेनगाव कुठे? तर २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला. १० जुलैला परत ४.५. तेव्हा काका त्याच माळवदाखाली झोपलेले होते.

मी फोनवर हे सगळं ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय तुझं. पण दर पावसाळ्याच्या आधी माळवदावर माती कोण टाकणार? तू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टू-बीएचकेमध्ये बसून वारसा जपा म्हणणं सोपं असतं हो. खांब विकले तर वाडा उरत नाही, आणि नाही विकले तर पासष्टीतले काका एकटेच पाट्या वाहतात.

असो. एवढंच म्हणालो, "काका, तोवर एकही खांब हलवू नका. पुढच्या शनिवारी येतो."

तिकीट काढलंय. येताना खांबांसाठी गिऱ्हाईक नाही, जुन्या बांधकामातला एक इंजिनियर मित्र सोबत आणतोय. आणि हो, पाटी उचलायची तयारीही!