ऑर्किडची फुलं गळली म्हणजे झाड मेलं का? विदर्भाच्या उन्हाळ्यात अशी जगवा कुंडी

वाढदिवसाला किंवा गृहप्रवेशाला भेट मिळालेलं ऑर्किड दोन-तीन महिने दिमाखात फुलतं. मग फुलं गळतात, नुसती काडी उरते आणि कुंडी कचऱ्यात जाते. प्रत्यक्षात तेव्हा झाड जिवंत असतं. त्याची खरी परीक्षा असते एप्रिल-मेमध्ये. नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीकाठी वसलेल्या खाप्यासारख्या गावात ती जरा जास्तच कठीण, कारण इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो.

दुकानात सर्रास मिळणारं ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. त्याचे पूर्वज आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारे. बांडगुळासारखं ते दुसऱ्या झाडाचं अन्न ओढत नाही, फक्त आधार घेतं. मुळं हवेत लोंबतात, पावसात भिजतात आणि वाऱ्यानं सुकतात. एवढं लक्षात आलं की बरीचशी निगा आपोआप कळते.

म्हणूनच त्याला मातीत लावू नका, मुळं गुदमरतात. कोळशाचे आणि विटांचे तुकडे, नारळाच्या सालीचे भिजवून धुतलेले तुकडे आणि भोकं असलेली पारदर्शक कुंडी पुरेशी आहे. विकत आणलेल्या कुंडीत मुळांभोवती शेवाळाचा घट्ट गोळा असेल, तर फुलं संपल्यावर तो हलक्या हातानं काढा. मात्र भर मे महिन्यात कुंडी बदलू नका.

पाणी किती?

कॅलेंडर बघू नका, मुळं बघा. चंदेरी दिसली तर झाड तहानलेलं, हिरवी असतील तर थांबा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी लागू शकतं, पावसाळ्यात आठवडाही सहज जातो. पाणी सकाळी द्या, सगळं निथळू द्या. पानांच्या मधल्या खोबणीत साचलेलं पाणी टिपून घ्या, नाहीतर गाभा कुजतो.

रील्समध्ये दिसणारी बर्फाची युक्ती अगदीच खोटी नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या २०१७ मधल्या अभ्यासात आठवड्याला तीन खडे ठेवूनही झाडांना इजा झाली नाही. पण ती झाडं घरातल्या बेताच्या तापमानात होती. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढं पाणी कुठे पुरणार?

आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी झाडांना घालायची सवय अनेकांना असते. ऑर्किडला ते नको, त्यात क्षार जास्त असतात. कुलरच्या टाकीतल्या पाण्याचंही तेच. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. खत म्हणून कृषी केंद्रात मिळणारं १९:१९:१९ चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅमच, आणि तेही वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा.

रात्रीचा गारवा महत्त्वाचा

फॅलेनॉप्सिसची पानं दिवसा आपली छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यामुळे दिवसा सावली देऊन भागत नाही, रात्रीची खोलीही थंड हवी. कुंडी गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवण्यापेक्षा कुलर चालणाऱ्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीजवळ ठेवा. कुलरची हवा ओलसर असते, ती याला मानवते. फक्त थेट झोतात ठेवू नका.

याच हवामानाचा एक फायदाही आहे. फुलांची काडी येण्यासाठी काही आठवडे थोड्या थंड रात्री लागतात आणि दिवाळीच्या आसपास त्या इथे आपसूक मिळतात. डिसेंबर-जानेवारीत पारा १५ अंशांखाली उतरला की मात्र कुंडी खिडकीपासून दूर घ्या. जुनी काडी वाळली असेल तर बुडापासून कापा. हिरवी असेल तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या गाठीच्या वर कापा, कधीकधी तिथून नवा फुटवा येतो.

विदर्भाच्या जंगलात रास्ना, म्हणजे वांदा टेसेलाटा, हे ऑर्किड झाडांवर वाढतं आणि हा कडक उन्हाळा काढतं. वांदा हे नावच संस्कृतातून आलेलं. पण ते उपटून घरी आणू नका. राखीव जंगलातून वनोपज परवानगीशिवाय काढणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे.

घरात कुलर नसेल तर फॅलेनॉप्सिसच्या नादी न लागता रोपवाटिकेतून संकरित डेन्ड्रोबियम आणा. त्याला थोडा जास्त उजेड लागतो, पण उन्हाळा ते अधिक सोसतं. खरेदी करताना फुलं मोजत बसू नका. कुंडी उचलून मुळं पाहा, टणक असतील तरच घ्या.