विस्तव दूर, धूर जवळ

टेक्ससमधील एखादा गृहस्थ मांस धुरावर शिजविण्याची भट्टी घरच्या घरीं बनवूं लागतो आणि जुनी लोखंडी टाकी कापावयास घेतो, तेव्हां त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो विस्तवाच्या पेटीचा. ही पेटी केवढी असावी, टाकीच्या कोणत्या बाजूस जोडावी, तिच्यांत वारा कोठून शिरावा? प्रश्न वरवर पाहतां लोहाराचा आहे. परंतु त्याच्या उत्तरामागें कित्येक शतकांचा अनुभव आहे, आणि ज्यांच्या श्रमांतून तो अनुभव सांचला त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें इतिहासाला ठाऊक नाहींत.

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांतील ताईनो लोकांच्या भाषेंतून, 'बार्बाकोआ' या स्पॅनिश रूपाच्या द्वारें, इंग्रजींत आला. ओव्हिएदो या स्पॅनिश ग्रंथकारानें १५२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत तो वापरला आहे. जमिनींत रोवलेल्या मेढींवर काटक्यांचा माचा, माच्यावर मांस आणि खालीं विस्तव, अशी ती साधी रचना. हिच्यांत अन्न व अग्नि समोरासमोर असतात. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला कीं ज्वाला उसळते; मग वरचा भाग करपतो आणि आंतला कच्चा राहतो.

व्हर्जिनिया, कॅरोलायना इत्यादि दक्षिणेकडील वसाहतींत हा विस्तव जमिनींत खणलेल्या लांबट चरांत उतरला. मोठमोठ्या मेजवान्यांसाठीं सबंध डुकरें अशा चरांवर शिजत, आणि तें काम बहुधा गुलाम म्हणून राबविल्या जाणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या माणसांवर पडे. चराशेजारीं वेगळा जाळ करून त्यांत लाकडें जाळावयाचीं, ज्वाला व पहिला कडवट धूर ओसरला म्हणजे निखारे फावड्यानें उचलून मांसाखालीं पसरावयाचे, आणि हा क्रम रात्रभर चालवावयाचा. लाकूड जळण्याची जागा एक व मांस शिजण्याची जागा दुसरी, हें पुढील भट्ट्यांचें मुख्य तत्त्व येथें स्पष्ट दिसतें. मात्र या दोन जागांना जोडणारें साधन होतें तें मनुष्याचे हात.

याच विषयाचा शास्त्रीय विचार दुसरीकडे चालला होता. १७५३ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें जन्मलेला व पुढें काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्धीस आलेला बेंजामिन थॉम्प्सन यानें १७९६ सालीं घरांतील धुराड्यांवर निबंध लिहिला. शेकोटीची जागा उथळ करावी व धुराड्याचा गळा अरुंद करावा, म्हणजे धूर वर जातो व उष्णता खोलींत येते, असें त्यानें दाखविलें. रम्फर्डचें श्रेय कोणी नाकारणार नाहीं. परंतु विस्तव कसा आवरावा हें ज्ञान चराच्या कांठीं उभ्या असलेल्या त्या गुलामालाहि होतें. त्यानें निबंध कां लिहिला नाहीं, असें विचारावयाचें असेल तर एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, दक्षिण कॅरोलायनांत १७४० च्या कायद्यानें गुलामाला लिहावयास शिकविणें हाच गुन्हा ठरविला होता.

एकोणिसाव्या शतकांत टेक्ससमध्यें जर्मन लोकांची मोठी वस्ती झाली व त्यांच्यांतील खाटकांनीं आपल्या दुकानांमागें विटांच्या भट्ट्या बांधल्या. लॉकहार्ट गांवीं १९०० सालीं सुरू झालेलें क्राइट्स मार्केट हें त्यांतील प्रसिद्ध उदाहरण होय. अशा भट्टींत विटांचा लांब, बंदिस्त हौद असतो. त्याच्या एका तोंडाशीं लाकडें जळतात आणि दुसऱ्या टोंकाला धुराडें असतें. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यांतून वर चढते आणि आपल्यामागें उष्णता व धूर मांसावरून ओढून नेते. फावड्याचें काम अशा रीतीनें वाऱ्यानें पत्करलें. आपल्याकडील चुलीचा वैल ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें तत्त्व निराळें समजावून सांगावयास नको.

१९०१ सालीं स्पिंडलटॉप येथें तेलाचा प्रचंड झरा लागला व टेक्ससचें रूप पालटलें. तेलाच्या धंद्याबरोबर जाड पोलादी नळ आले आणि ते जोडणारे वेल्डर आले. पुढें याच कारागिरांनीं उरल्यासुरल्या नळांच्या तुकड्यांतून विटांच्या भट्टीची लोखंडी आवृत्ति तयार केली: मांसाची आडवी टाकी, तिच्या एका टोंकाला किंचित् खालच्या पातळीवर विस्तवाची पेटी, दुसऱ्या टोंकाला धुराडें.

या पेटीचें माप ठरवितांना जाणते लोक तिचें पोट मुख्य टाकीच्या सुमारें एक तृतीयांश धरतात. पत्रा पाव इंच जाडीचा असला म्हणजे उष्णता टिकते. टाकींतील उष्णमान २२५ ते २७५ अंश फॅरनहाइट राखावयाचें असतें, आणि बैलाच्या छातीच्या मोठ्या तुकड्याला बारा-बारा तास लागतात. नवशिका मोठा जाळ करतो, टाकी फार तापली कीं वाऱ्याचें दार बंद करतो, आणि विस्तव गुदमरून दाट पांढरा धूर सोडूं लागतो. तो मांसाला कडू करतो. जाळ लहान, लाकूड वाळलेलें व वारा मोकळा असला म्हणजे धूर विरळ व निळसर निघतो. तोच हवा असतो. म्हणजे विस्तव आवरावयाचा तो वारा कोंडून नव्हे, तर इंधन मोजून. निखाऱ्यांचें एकेक फावडें मोजून टाकणाऱ्यांनीं हेंच केलें होतें.

२०१५ सालीं ऑस्टिन येथील ॲरन फ्रँकलिन यानें आपल्या पुस्तकांत अशी भट्टी बांधण्याची रीत सविस्तर दिली, आणि हातांतून हातांत आलेली ही विद्या आतां कोणालाहि वाचून शिकतां येते. ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि पेटीचें दार उघडून आंत लाकूड सारतांना, त्या दाराच्या जागीं पूर्वीं फावडें घेऊन रात्रभर एक माणूस उभा असे, याची आठवण वाचणाऱ्यानें ठेवावी. कारण त्याचें नांव कोणत्याहि पुस्तकांत सांपडणार नाहीं.